स्क्रोलर अर्ध्या रंगावर थांबतो: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

पहाटेच्या प्रसंगाचा क्यू, म्हणजे प्रकाश बदलायचा इशारा, दिला. बारवर, म्हणजे रंगमंचावरच्या आडव्या नळीवर, टांगलेले सहा पार दिवे त्यांच्यावरच्या रंग बदलणाऱ्या स्क्रोलरने निळ्यातून केशरीत जायला हवे होते. पाच गेले. सहावा मध्येच थांबला आणि खुर्चीत बसलेल्या नटीच्या गालावर फिकट, गुलाबीसर, मळका प्रकाश पडला. प्रेक्षकांतल्या थोड्याच लोकांना ते जाणवलं असेल. पण त्या एका मिनिटाच्या शांततेसाठी तिने महिनाभर तालीम केली होती, आणि ती शांतता एका पारने डागाळली.

हा बिघाड मी गेली पंधरा-सोळा वर्षं दुरुस्त करतो आहे. नाटकांच्या दौऱ्यात केला, गोदामात केला, तिसऱ्या घंटेच्या आधी घोड्यावर, म्हणजे उंच शिडीवर, चढूनही केला. जवळजवळ दर वेळी माझ्याआधी कोणीतरी यंत्राचं सर्किट उघडून बसलेलं असतं, आणि बहुतेक वेळा दोष सर्किटात नसतोच. तो जिलेटीनच्या (दिव्यापुढच्या रंगीत पारदर्शक कागदाच्या) पट्टीत, तिच्या ताणात, वायरीत किंवा कन्सोलवर, म्हणजे प्रकाश चालवण्याच्या टेबलावर, असतो. म्हणून मी तपासणीचा एक क्रम ठरवून घेतला आहे. आधी फुकटात आणि जमिनीवर उभं राहून होणाऱ्या गोष्टी, मग शिडीवरच्या, आणि अगदी शेवटी पेचकस.

ज्यांनी स्क्रोलर आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दिव्याच्या तोंडावर बसणारा हा चपटा डबा असतो. आत दोन रुळ, आणि त्यांवर गुंडाळलेली वेगवेगळ्या रंगांच्या जिलेटीनची एक लांब पट्टी. ११ रंगांची, १६ रंगांची, काहींत त्याहून जास्त. कन्सोलवरून डीएमएक्सचा, म्हणजे दिव्यांना आज्ञा पाठवायच्या डिजिटल पद्धतीचा, आकडा येतो, ० ते २५५ मधला. त्यानुसार मोटर पट्टी फिरवते आणि हवा तो रंग दिव्यासमोर आणून थांबवते. सोबत एक पंखा असतो, तो पट्टीला जळू देत नाही. स्क्रोलरला वीज थेट भिंतीतल्या प्लगमधून मिळत नाही. वेगळा पॉवर सप्लाय असतो, आणि त्यातून निघणाऱ्या चार पिनांच्या एकाच केबलमधून २४ व्होल्ट आणि डेटा दोन्ही यंत्रापर्यंत, आणि त्या यंत्रातून ओळीतल्या पुढच्या यंत्रापर्यंत जातात. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, निम्मे घोटाळे तिथेच होतात.

आधी लक्षणं नीट बघा

घाई करून शिडी लावू नका. पाच मिनिटं खाली उभं राहून बघा आणि ऐका.

रंग चुकतो म्हणजे नेमका किती चुकतो? प्रत्येक रंगाला तेवढ्याच अंतराने चुकत असेल आणि उद्याही तेवढाच चुकणार असेल, तर गोष्ट बहुधा कन्सोलवरच्या आकड्याची किंवा यंत्राच्या शून्यस्थानाची आहे. पहिल्या अंकात थोडा आणि तिसऱ्या अंकात जास्त, अशी चूक वाढत जात असेल तर पट्टी कुठेतरी घसरते आहे. ही दोन लक्षणं वरवर सारखी दिसतात, पण त्यांचे उपाय अगदी वेगळे आहेत.

अर्धा रंग ओळखायलाही डोळा लागतो. पट्टी दिव्याच्या अगदी तोंडाशी असते, त्यामुळे रंगमंचावर दोन रंगांमधली सरळ रेष कधीच दिसत नाही. दोन्ही रंग मिसळून झोताच्या मध्यभागी तिसराच फिकट रंग तयार होतो, आणि झोताच्या दोन विरुद्ध कडांना मूळ रंगांची झाक राहते. कडा पाहिल्या की कोणत्या दोन चौकटींच्या, म्हणजे पट्टीतल्या रंगाच्या तुकड्यांच्या, मध्ये पट्टी अडकली ते कळतं.

वीज दिल्यावर पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते, ते बरोबर आहे. यंत्र आपली टोकं शोधत असतं. पण ती पुन्हा पुन्हा तशीच धावत राहिली, थांबलीच नाही, तर त्याला टोक सापडत नाहीये.

पट्टी एका जागी थरथरते. हे बहुतेकदा डेटाचं दुखणं.

एका ठरावीक यंत्रापासून पुढची सगळी यंत्रं मेलेली. हे केबलचं.

एकेकटी सगळी नीट चालतात, पण मोठ्या क्यूला सगळी एकदम हलली की त्यातली दोन-तीन मध्येच नव्याने टोकं शोधायला लागतात. हे व्होल्टेजचं, आणि हे लक्षण ओळखता न आल्यामुळे चांगली यंत्रं भंगारात गेलेली मी पाहिली आहेत.

थंड असताना चालतं, तासाभराने अडकतं. पंखा बघा.

खरखर, चरचर, किंवा फाटल्यासारखा आवाज आला तर पुढे काहीही करण्याआधी त्या यंत्राची वीज बंद करा. अडकलेल्या पट्टीवर मोटर जोर लावत राहिली की पट्टी मधोमध फाटते आणि तासाभराचं काम दिवसभराचं होतं.

कन्सोलपासून सुरुवात

यात पैसा जात नाही, हात मळत नाहीत, आणि नवीन संचात सर्वांत जास्त चुका इथेच सापडतात.

स्क्रोलरचा चॅनेल कन्सोलला दिवा वाटतो. तसं सांगितलं नसेल तर कन्सोल त्याला दिव्यासारखंच वागवतो. ग्रँड मास्टर, म्हणजे सगळे दिवे एकदम कमी-जास्त करणारा फेडर (सरकता खटका), खाली आणून ब्लॅकआउट केला की दिव्यांबरोबर स्क्रोलरचा आकडाही शून्यावर येतो, सगळ्या पट्ट्या पहिल्या रंगाकडे धावतात, आणि पुढचा क्यू आला की परत धावतात. प्रेक्षागृह शांत असेल तर अंधारात ती सरसर तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू येते. पुढच्या प्रसंगाचा प्रकाश वर येतो तेव्हा रंग अजून वाटेतच असतो. लोक म्हणतात, यंत्र चुकतं. यंत्र बिचारं सांगितलं तेच करत असतं. स्क्रोलरचे चॅनेल ग्रँड मास्टरपासून वेगळे काढा, आणि शेवटी दिलेला आकडा टिकून राहील अशा पद्धतीवर ठेवा.

दुसरी चूक याहून छुपी आहे. काही जुन्या कन्सोलवर किंवा शोच्या फाइलमध्ये सगळ्या चॅनेलना डिमरचा (दिवा मंद-प्रखर करणाऱ्या यंत्राचा) वक्र लावलेला असतो, म्हणजे फेडर निम्म्यावर नेला तरी बाहेर निम्मा आकडा जात नाही. दिव्यासाठी ते चांगलं, स्क्रोलरसाठी घातक. लक्षण असं की पहिला आणि शेवटचा रंग अगदी बरोबर येतो आणि मधले सगळे चुकतात. हे दिसलं की शिडी बाजूला ठेवा. स्क्रोलरच्या चॅनेलला सरळ रेषेचा वक्र द्या.

मग आकडे. १६ चौकटी असतील आणि पहिली ० वर, शेवटची २५५ वर असेल, तर मधल्या टप्प्यांची संख्या १५, आणि २५५ भागिले १५ म्हणजे १७. रंग ०, १७, ३४, ५१ असे येतात. ११ चौकटींना हिशेब आणखी सोपा, प्रत्येक रंग १० टक्क्यांवर. ज्याने शो लिहिला त्याच्याकडे ११ रंगांची पट्टी होती आणि भाड्याने आलेल्या यंत्रात १६ रंगांची आहे, असं दौऱ्यावर नेहमी होतं. कोणाचंच काही बिघडलेलं नसतं, फक्त हिशेब बदललेला असतो. काही कंपन्यांची विभागणी थोडी वेगळी असते, म्हणून प्रत्येक रंग डोळ्यांनी पाहून त्याचा आकडा कागदावर उतरवून ठेवा. तो कागद मी पॉवर सप्लायच्या झाकणाला बाहेरून चिकटवतो.

अखेरीस फेडचा वेळ. प्रकाश १० सेकंदांत बदलायचा म्हणून रंगालाही तेवढाच वेळ दिला, तर पट्टी १० सेकंद प्रेक्षकांसमोर सरकत राहते आणि मधले सगळे रंग दिसतात. दिवा बंद असताना रंग बदलून घ्यायचा आणि मग दिवा चढवायचा, हेच उत्तम.

कोणतं यंत्र, की सगळीच?

आता अदलाबदलीची परीक्षा. जे यंत्र चुकतं त्याची केबल शेजारच्या चांगल्या यंत्राला लावा आणि शेजारच्याची याला. चूक यंत्राबरोबर गेली तर यंत्र तपासायचं, केबलबरोबर राहिली तर केबल. दोन मिनिटांच्या या कामाने अर्धी तपासणी वाचते. मात्र केबल काढ-घाल करण्याआधी पॉवर सप्लाय बंद करा. चालू असताना चार पिनांचा कनेक्टर ओढला की २४ व्होल्टची ठिणगी डेटाच्या पिनांकडे जाऊ शकते, आणि मग खरोखरच सर्किट जातं.

याच वेळी पत्ता बघा, म्हणजे यंत्राने कोणत्या चॅनेलचा आकडा ऐकायचा तो क्रमांक. आकड्यांचा डिस्प्ले असेल तर सोपं आहे. लहान खटके असतील तर ते १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६ अशा किमतींचे असतात आणि चालू खटक्यांची बेरीज म्हणजे पत्ता. ७३ हवा असेल तर ६४, ८ आणि १ चालू. काही यंत्रं मोजणी शून्यापासून करतात, तिथे त्याच ७३ साठी ७२ ची बेरीज लावावी लागते. शेजारचा स्क्रोलर याच्या रंगाने चालतो आहे असं दिसलं की आधी हे आठवा. दोनदा मला मात्र पत्ता बरोबर आणि खटकाच गंजलेला सापडला. खटका चार-पाच वेळा पुढेमागे केल्यावर चालायला लागला.

पॉवर सप्लाय कुठे लावलाय?

हे मी मोठ्या अक्षरांत लिहिलं असतं. स्क्रोलरचा पॉवर सप्लाय डिमरच्या चॅनेलवर कधीही लावू नका. तो चॅनेल कायम शंभर टक्क्यांवर ठेवला तरीही नाही. डिमर विजेच्या लाटेचे तुकडे करून देतो. दिव्याच्या तारेला त्याचं काही वाटत नाही, पण पॉवर सप्लायच्या आतल्या भागांना ते सोसत नाही. तो गरम होतो, गुणगुणतो आणि काही प्रयोगांनंतर जातो. तालुक्याच्या नाट्यगृहांत बारवर डिमरशिवाय दुसरा प्लगच नसतो, म्हणून लोक असं करतात. अशा वेळी विंगेतल्या साध्या प्लगवरून वेगळी वायर वर न्या. २० मीटर वायरचा खर्च पॉवर सप्लायच्या दुरुस्तीपेक्षा खूप कमी आहे.

मग एका सप्लायवर किती यंत्रं आणि केबल किती लांब, ते बघा. सगळी एकदम हलली की दोन-तीन वेडी होतात, या लक्षणाचं कारण इथे सापडतं. थांबलेला स्क्रोलर थोडाच करंट घेतो, मोटर सुटताना एकदम जास्त. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण १२ मिलिओहम. ४० मीटर लांबीच्या केबलमध्ये करंट जातो आणि परत येतो, म्हणजे ८० मीटर, म्हणजे जवळजवळ १ ओहम. एकूण ४ अँपियर वाहू लागले की ४ व्होल्ट वाटेतच संपतात आणि शेवटच्या यंत्राला २४ ऐवजी २० मिळतात. तेवढ्यात त्याच्या आतला मेंदू बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो, आणि पुन्हा सुरू झाला की तो टोकं शोधायला धावणारच.

म्हणून शेवटच्या यंत्राच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. मी हाताळलेल्या बहुतेक यंत्रांत पिन १ सामाईक, २ आणि ३ डेटा, ४ वर २४ व्होल्ट, अशी मांडणी होती. तरी आपल्या यंत्राच्या पुस्तिकेशी ताडून घ्या. सहकाऱ्याला सगळे स्क्रोलर एकदम हलवायला सांगा आणि त्या क्षणाचा आकडा बघा, कारण थांबलेल्या अवस्थेतला आकडा फसवतो. व्होल्टेज खूप खाली येत असेल तर यंत्रं दोन ओळींत विभागा, सप्लाय बारच्या मध्यावर न्या, किंवा जाड वायरीची केबल वापरा.

केबल

कनेक्टर उघडून बघा. पिन वाकलेली, डाख सुटलेला, वेष्टनाची जाळी दुसऱ्या पिनेला टेकलेली, हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. किनाऱ्यालगतच्या गावांत, म्हणजे रत्नागिरी, मालवण, पणजी अशा ठिकाणी पावसाळ्याचे दौरे झाले की पिनांवर हिरवट थर बसतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि कनेक्टर पाच-सहा वेळा घालून काढा.

पट्टी जागच्या जागी थरथरत असेल तर ओळीतल्या शेवटच्या यंत्रावर टर्मिनेटर आहे का बघा. डेटाच्या दोन पिनांमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर, एवढंच ते काम. तो नसला की सिग्नल टोकाला आपटून परत फिरतो आणि स्वतःच्याच पुढच्या सिग्नलमध्ये मिसळतो. लहान ओळीत काही दिसत नाही, लांब ओळीत मात्र पट्टी थरथरायला लागते. कन्सोलपासून सप्लायपर्यंत माईकची केबल वापरली असेल तरी हेच होतं. ती डीएमएक्ससाठी बनवलेली नसते.

एक ताकीद. इंटरकॉमच्या हेडसेटलाही चार पिनांचे कनेक्टर येतात. अंधारात, घाईत, एका पेटीतली केबल दुसऱ्या पेटीत जाते आणि हेडसेटमध्ये २४ व्होल्ट शिरतात. आमच्याकडे स्क्रोलरच्या प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना लाल टेप आहे.

पंखा आणि धूळ

आता शिडी. दिवा बंद करून निदान वीस मिनिटं थांबा. हजार वॅटच्या पारचा पत्रा हात भाजवतो आणि गरम पट्टी मऊ असते, तिला हात लावला की सुरकुती पडते.

पंखा फिरतो का ते आवाजावरून ठरवू नका, बघा. काही यंत्रांत पंख्याचा वेग कन्सोलवरून कमी करता येतो. शांत नाटकात आवाज नको म्हणून कोणीतरी तो शून्यावर ठेवतो आणि पुढच्या संगीत रजनीला तसाच राहतो. जाळीत धूळ, धुक्याच्या यंत्राचा चिकट थर, गोंधळ-जागरणाचा कार्यक्रम झाला असेल तर भंडारा, हे सगळं बसलेलं असतं. मऊ ब्रशने काढा. ब्लोअर मारायचाच असेल तर पंख्याचं पातं बोटाने धरून मारा, उलट्या वाऱ्याने ते वेड्यासारखं फिरलं की त्याचे बेअरिंग जातात.

पट्टीवरही तोच चिकट थर येतो. सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ कापडाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. स्पिरिट वापरू नका, जोडांच्या टेपचा गोंद सुटतो.

पट्टी, म्हणजे खरं दुखणं

इथे वेळ द्या. सुट्या दिवशी, स्क्रोलर खाली उतरवून, टेबलावर.

पहिली गोष्ट, जळलेले रंग. गडद निळे आणि जांभळे आधी जातात. काँगो ब्लू, म्हणजे १८१ नंबर, सर्वांत आधी. हॅलोजन दिव्याच्या प्रकाशात पिवळा-तांबडा भाग खूप आणि निळा थोडा असतो. गडद निळं जिलेटीन तो सगळा पिवळा-तांबडा भाग अडवतं, आणि अडवलेला प्रकाश उष्णता होऊन त्याच्याच अंगात राहतो. त्याच दिव्यावर पिवळं जिलेटीन कितीतरी जास्त टिकतं, कारण त्याला अडवायचंच थोडं असतं. म्हणून रंग फिकट झाला, मधोमध पांढरट डाग पडला, तर तो यंत्राचा दोष नाही. त्यातही अरुंद झोताचा सीपी ६० दिवा असेल तर उष्णता मध्यावर एकवटते आणि डाग लवकर पडतो. सीपी ६२ तेवढा कठोर नाही. उपाय दोन. दिव्याच्या स्वतःच्या फ्रेममध्ये उष्णता रोखणारं पारदर्शक जिलेटीन, म्हणजे २६९ नंबर, घाला, पण त्याच्यात आणि पट्टीत हवा खेळायला जागा राहिली पाहिजे. आणि दिवा पेटलेला असताना गडद रंगावर विनाकारण ताटकळत ठेवू नका.

उष्णतेने मऊ झालेली चौकट फुगते. फुगलेला भाग खाचेत घासतो, मोटरला जड जातं, आणि पट्टी मुक्कामाच्या अलीकडेच थांबते. अर्ध्या रंगाचं हे फार नेहमीचं कारण आहे. आकडा बरोबर, सर्किट बरोबर, मोटर बरोबर, फक्त एक निळी चौकट फुगलेली.

दुसरी गोष्ट, तिरकेपणा. पट्टी रुळावर गुंडाळलेली असताना तिच्या कडेकडे बघा. सगळे वेढे एका सपाटीत असायला हवेत. एका बाजूला शंकूसारखे बाहेर येत असतील तर कुठला तरी जोड तिरका आहे. किती तिरका पुरतो? पट्टीची रुंदी २५ सेंटीमीटर धरा आणि एका जोडात या कडेला त्या कडेपेक्षा फक्त १ मिलिमीटर जास्त. त्या जोडाच्या पुढे अडीच मीटर पट्टी असेल तर शेवटाला ती १ सेंटीमीटर बाजूला सरकलेली असते. तेवढ्यात ती डब्याच्या भिंतीला घासते, कड दुमडते, आणि दुमडलेली कड पुढच्या फेरीत अडकते. हात स्थिर असून भागत नाही, साचा लागतो. मी प्लायवर ॲल्युमिनियमची एक सरळ पट्टी पक्की बसवली आहे. दोन्ही चौकटी तिला टेकवून, काटकोन लावून, पाच मिलिमीटर एकावर एक चढवून जोडतो. टेप उष्णता सोसणारी, पारदर्शक, पॉलिस्टरची, आणि दोन्ही बाजूंनी. साधी चिकटपट्टी एका प्रयोगात वितळते, तिचा गोंद रुळावर जातो आणि मग वेढे एकमेकांना चिकटतात. ते सोडवण्याइतकं कंटाळवाणं काम दुसरं नाही.

एकच चौकट बदलायची असेल तर जुन्या चौकटीची लांबी मिलिमीटरमध्ये मोजून नवी तेवढीच कापा. बऱ्याच यंत्रांत मोटर अंतर मोजून थांबते, जोड बघून नाही. नवी चौकट ४ मिलिमीटरने लांब झाली की तिच्यापुढचे सगळे रंग तेवढे सरकतात. एका पट्टीत तीन-चार चौकटी गेल्या असतील तर ठिगळं लावू नका, नवीन पट्टी करा. करताना रंगांचा क्रम नाटकाप्रमाणे लावा. निळ्यातून केशरीत वारंवार जायचं असेल तर ते शेजारी ठेवा, म्हणजे पट्टी कमी धावेल.

दौऱ्यात स्क्रोलर बंद करण्याआधी पट्टी पहिल्या रंगावर आणून मग वीज काढा. टेंपोच्या हादऱ्यांत अर्ध्यावर सोडलेली पट्टी सैल होते, आणि दुसऱ्या गावी वीज दिली की पहिल्या झटक्यालाच जोड उसवतो.

रुळ, ताण, सेन्सर

पट्टी निर्दोष असून चूक वाढत जात असेल तरच इथे या. दोन मोटरींच्या यंत्रांत ताण मोटरी राखतात. एका मोटरीच्या यंत्रांत दुसऱ्या रुळात स्प्रिंग असते. स्प्रिंग थकली की पट्टीला पोट येतं. वीज काढून पट्टीच्या मध्यावर बोटाने हलकेच दाबा आणि शेजारच्या चांगल्या यंत्राशी तुलना करा. रुळ मोटरीच्या दांड्याला बारीक स्क्रूने कसलेला असतो. तो ढिला झाला की मोटर फिरते आणि रुळ थोडा मागे राहतो, चूक दर फेरीला साठत जाते. एलन कीने कसला की काम झालं. दातेरी पट्टा असेल तर एखादा दात गेलाय का बघा. तेल घालू नका. ते उष्णतेने पसरून जिलेटीनवर येतं आणि धूळ धरतं.

टोकं न सापडणाऱ्या यंत्रात सेन्सरच्या काचेवर धूळ असते, किंवा पट्टीच्या टोकाची चमकदार खूण निघालेली, काळवंडलेली असते. कापसाच्या काडीने काच पुसा, खूण होती त्याच जागी नवी लावा. नंतर यंत्राची स्वतःची जुळणी पुन्हा करून घ्या, तिची रीत पुस्तिकेत असते.

इथे थांबा

पॉवर सप्लायचं झाकण उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज राहू शकतो. बाहेरचा फ्यूज बदलणं तुमचं काम. तोच फ्यूज, तेवढ्याच अँपियरचा. तो दुसऱ्यांदा उडाला तर इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसाकडे न्या, जाड तार घालू नका.

बारला, दिव्याच्या पत्र्याला किंवा स्क्रोलरला हात लावताच झिणझिण्या आल्या तर सगळं बंद करा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. तिथे अर्थिंगचा दोष आहे, प्रयोग उशिरा सुरू झाला तरी चालेल. यंत्राला २४ व्होल्ट नीट मिळत असूनही मोटर फिरत नसेल, सर्किटवर काळा डाग किंवा जळका वास असेल, तर ते दुरुस्तीच्या टेबलावरचं काम आहे. फार जुन्या परदेशी दिव्यांच्या आत पांढऱ्या, सुतासारख्या वेष्टनाची वायर दिसली तर ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. तिला हात लावू नका, खरवडू नका, दिवा पिशवीत बांधून बाजूला ठेवा आणि जाणकाराला विचारा. आणि स्क्रोलर चढवल्याने दिवा पुढे झुकत असेल, क्लॅम्प सरकत असेल, सेफ्टी चेन स्क्रोलरपर्यंत पोचत नसेल, तर रंगाचा विचार सोडून आधी तो उतरवा. खाली माणसं असतात.

यंत्र दुरुस्तीला पाठवताना त्याच्यावर कागद चिकटवा: चूक कायम तेवढीच की वाढत जाणारी, थंड असताना की तापल्यावर, एकटं असताना की सगळी हलताना, पट्टी कोणत्या दोन रंगांच्या मध्ये थांबते, आणि तुम्ही काय काय बदलून पाहिलंत. नुसतं "चालत नाही" लिहून आलेलं यंत्र माझ्या टेबलावर नीट चालतं, मी ते परत पाठवतो, आणि पुढच्या पहाटेच्या प्रसंगाला ते पुन्हा तिथेच थांबतं.